सैनिकी शिक्षणलाभाचे हस्तांतरण, अमेरिकेतील

लष्करी सेवेच्या मोबदल्यात मिळालेला उच्च शिक्षणाचा हक्क सैनिकाने स्वतः न वापरता तो पूर्णतः वा अंशतः पती, पत्नी किंवा अपत्ये यांच्या नावे करून देण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धती. सामान्यतः ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांच्या मालिकेतील हा सर्वांत अलीकडचा टप्पा होय. त्याचे सर्वव्यापी स्वरूप १ ऑगस्ट २००९ पासून अंमलात आले. हस्तांतरणाचा अर्ज सैनिक सेवेत असतानाच मंजूर व्हावा लागतो. सेवामुक्तीचा दिवस उलटल्यावर त्याच्या हाती स्वतःपुरता हक्क उरतो. मुलांना तो देता येत नाही. ही अट वरवर कार्यालयीन तपशिलाची वाटते. तथापि या संस्थेचा सारा इतिहास तिच्यात सामावला आहे. सैन्य सोडून नागरी जीवनात परतणाऱ्यांसाठी १९४४ मध्ये निर्माण झालेला हक्क सैनिकाने सैन्य सोडू नये म्हणून वापरला जाण्यापर्यंत कसा आला, हे त्यावरून कळते. भारतात माजी सैनिकांच्या पाल्यांना ज्या शिष्यवृत्त्या मिळतात, त्यांच्याशी याची गल्लत करू नये. त्या शासनाने थेट पाल्याला दिलेल्या असतात. येथे हक्क मूळचा सैनिकाचा असतो व तो आपल्या इच्छेने दुसऱ्याच्या नावे करतो.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना ६० डॉलर व घरापर्यंतचे रेल्वेचे तिकीट देऊन निरोप देण्यात आला. १९२४ च्या कायद्याने त्यांना सेवेच्या दिवसांवर आधारलेला बोनस मान्य केला; परंतु तो हाती पडावयाचा होता १९४५ मध्ये. महामंदीत बेकार झालेले हजारो माजी सैनिक ही रक्कम तत्काळ मिळावी म्हणून १९३२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन येथे जमले. २८ जुलै १९३२ रोजी जनरल डग्लस मॅकार्थर याच्या नेतृत्वाखालील सैन्याने त्यांच्या छावण्या उठविल्या. विद्यमान सैन्याने माजी सैन्यावर चालून जावे, हे दृश्य अमेरिकन राजकारण्यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दीड कोटींच्या आसपास स्त्रीपुरुष सेवामुक्त होणार होते. ते एकाच वेळी श्रमबाजारात उतरले, तर काय होईल ही भीती नव्या कायद्यामागे होती. त्यामुळे केवळ कृतज्ञतेतून तो जन्मला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

या कायद्याचा मसुदा माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचा माजी राष्ट्रीय अध्यक्ष हॅरी कॉलमेरी (१८९०–१९७९) याने १९४३-४४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमधील मेफ्लॉवर हॉटेलात तयार केला. सेनेटने तो मार्च १९४४ मध्ये व प्रतिनिधिगृहाने मे मध्ये संमत केला; परंतु दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत तो अडला. मिसिसिपीचा प्रतिनिधी जॉन रँकिन (१८८२–१९६०) याचा बेकारी भत्त्याला विरोध होता आणि कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा समान लाभ मिळणे त्याला रुचणारे नव्हते. अखेर जॉर्जियातील आपल्या गावी गेलेला प्रतिनिधी जॉन गिब्सन यास रातोरात वॉशिंग्टनला आणून त्याच्या मताने कोंडी फोडण्यात आली. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट (१८८२–१९४५) याने त्यावर स्वाक्षरी केली.

कायद्यानुसार ९० दिवसांची सेवा झालेल्या सैनिकास एक वर्षाचे शिक्षण व त्यावर सेवेच्या कालावधीइतके आणखी शिक्षण, कमाल चार वर्षांपर्यंत, विनामूल्य मिळे. शिक्षणशुल्कापोटी संस्थेला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत रक्कम देण्यात येई. सैनिकाला निर्वाहासाठी दरमहा ५० डॉलर व कुटुंब असल्यास ७५ डॉलर मिळत. शिकागो विद्यापीठाचा प्रमुख रॉबर्ट हचिन्स (१८९९–१९७७) आणि हार्व्हर्डचा अध्यक्ष जेम्स कॉनंट (१८९३–१९७८) यांना या योजनेमुळे शिक्षणाचा दर्जा खालावेल, अशी धास्ती वाटत होती. ती अनाठायी ठरली. १९४७ मध्ये महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के माजी सैनिक होते. १९५६ मध्ये योजना संपली, तोवर ७८ लाख माजी सैनिकांनी तिचा लाभ घेतला होता. त्यांपैकी सु. २२ लाख महाविद्यालयांत व विद्यापीठांत गेले. उरलेल्यांनी तांत्रिक शाळा, कारखान्यांतील उमेदवारी आणि शेतीचे प्रशिक्षण यांचा मार्ग धरला. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला मात्र हा लाभ फार अपुरा आला. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता. परंतु दक्षिणेकडील विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती आणि कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र महाविद्यालयांत पुरेशा जागा नव्हत्या.

या मूळ कायद्यात मुलांचा विचार नव्हता, कारण त्याची गरज भासली नाही. लाभार्थी स्वतःच तरुण होते आणि युद्धामुळे खंडित झालेले त्यांचे शिक्षण भरून काढणे, हा कायद्याचा उद्देश होता. गमावलेली वर्षे ज्याची, त्यालाच भरपाई, असे साधे गणित होते. कोरियन युद्धानंतरच्या १९५२ च्या कायद्याने लाभाची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली. शिक्षणसंस्थांनी शुल्क फुगवून वसूल केल्याचे आढळल्यामुळे रक्कम संस्थेऐवजी थेट सैनिकास, दरमहा ११० डॉलर या दराने, देण्यास सुरुवात झाली. ३६ महिन्यांची ही मर्यादा पुढील कायद्यांतही टिकली. नऊ महिन्यांचे एक शैक्षणिक वर्ष धरल्यास तीत चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम बसतो.

सैनिकाच्या सेवेतून त्याच्या मुलास शिक्षणाचा हक्क मिळावा, हे तत्त्व प्रथम आले ते मृत्यूच्या मार्गाने. २९ जून १९५६ रोजी संमत झालेल्या युद्धअनाथ शिक्षणसाहाय्य कायद्याने सेवेमुळे मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या मुलांना शिक्षणासाठी मासिक साहाय्य देऊ केले. १९६४ मध्ये कायमचे व संपूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांना आणि १९६८ मध्ये विधवा व अशा अपंगांच्या पत्नी यांना त्यात समाविष्ट करण्यात आले. ११ सप्टेंबर २००१ नंतर सेवेत मृत्युमुखी पडलेल्यांच्या मुलांसाठी २००९ मध्ये स्थापन झालेली फ्राय शिष्यवृत्ती ही याच परंपरेतील असून २०१४ मध्ये ती विधवा व विधुर यांनाही लागू झाली. या सर्व योजनांत सैनिकास काही निवड करावी लागत नाही. कायदाच वारस ठरवितो. हयात व धडधाकट सैनिकाने आपला हक्क मुलाला द्यावा, ही कल्पना यांहून भिन्न आहे. तिची मुळे शोधण्यासाठी सक्तीच्या सैन्यभरतीच्या अखेरीकडे वळावे लागते.

१९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि अमेरिकन सैन्य पूर्णतः स्वेच्छेने येणाऱ्यांवर अवलंबून राहू लागले. यानंतर शिक्षणलाभाची भाषा पालटली. तो झालेल्या हानीची भरपाई न राहता भरतीचे आमिष बनला. १ जानेवारी १९७७ पासून भरती झालेल्यांसाठी आलेल्या योजनेत सैनिकाने स्वतःच्या वेतनातून पैसे साठवावयाचे व शासनाने त्यात दुप्पट भर घालावयाची, अशी व्यवस्था होती. ती फारशी आकर्षक ठरली नाही. मिसिसिपीचा प्रतिनिधी जी. व्ही. माँटगोमेरी (१९२०–२००६) याच्या प्रयत्नांतून १९८४ मध्ये नवा कायदा झाला व तो १ जुलै १९८५ पासून अंमलात आला. त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत नव्या सैनिकाच्या वेतनातून पहिले बारा महिने दरमहा १०० डॉलर कापून घेतले जात. हे १,२०० डॉलर सामान्यतः परत मिळत नसत आणि सेवामुक्तीनंतर दहा वर्षांत लाभ न घेतल्यास तो व्यपगत होई.

या रचनेतील विसंगती दीर्घकाळ सेवा करणाऱ्यांच्या ध्यानी प्रथम आली. तीन-चार वर्षे नोकरी करून बाहेर पडणारा तरुण महाविद्यालयात जाई व हक्क पुरेपूर वापरी. वीस वर्षे सेवा करून निवृत्तिवेतन घेणारा सार्जंट मात्र बाहेर पडे तेव्हा चाळिशीला टेकलेला असे. त्याला दुसरी नोकरी शोधावयाची असे आणि महाविद्यालयात जाण्याचे वय त्याच्या मुलामुलींचे झालेले असे. म्हणजे ज्याने अधिक काळ सेवा केली, त्याच्याच हातून हक्क वाया जाण्याचा संभव अधिक. तो मुलांना देता यावा, ही मागणी यातून पुढे आली. ती न्याय्य होती, यात शंका नाही. परंतु ती मान्य करताना शासनाने आपले गणित निराळे मांडले. डिसेंबर २००१ मध्ये संमत झालेल्या संरक्षणविषयक कायद्याने, तुटवडा असलेल्या कौशल्यांतील सैनिकाची सहा वर्षे सेवा झाली असल्यास व त्याने आणखी चार वर्षांचा करार केल्यास, त्याला लाभाचे १८ महिन्यांपर्यंत हस्तांतरण करू देण्याची मुभा सेनादलांना दिली. सेनादलांनी ती फार थोड्या प्रमाणात वापरली. तथापि ‘सहा वर्षे झालेली व चार वर्षे पुढची’ हे सूत्र त्यातून रूढ झाले.

अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांत त्याच सैनिकांना पुनःपुन्हा रणभूमीवर जावे लागले. व्हिएटनाम युद्धात लढलेला, माजी नौसेनामंत्री व व्हर्जिनियाचा सेनेटर जिम वेब (१९४६– ) याने जानेवारी २००७ मध्ये, सेनेटमध्ये प्रवेश करताच, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कायद्याइतका उदार कायदा करण्याचे विधेयक मांडले. चक हेगल, जॉन वॉर्नर व फ्रँक लॉटेनबर्ग या माजी सैनिक असलेल्या सेनेटरांची त्याला साथ होती. वेबच्या मूळ विधेयकात हस्तांतरणाची तरतूद नव्हती. विरोध झाला तो संरक्षण खात्याकडून व सेनेटर जॉन मकेन (१९३६–२०१८) याच्याकडून. बाहेर पडताच एवढा लाभ मिळणार असेल, तर अनुभवी सैनिक सेवेत कशाला राहतील, असा त्यांचा प्रश्न होता. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयानेही पुनर्भरती १६ टक्क्यांनी घटेल व नवी भरती तितक्याच टक्क्यांनी वाढेल, असे अनुमान वर्तविले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश याने २८ जानेवारी २००८ च्या आपल्या वार्षिक अभिभाषणात शिक्षणलाभ पती, पत्नी व मुले यांना देता यावा, असे सुचविले होते. मकेन व त्याचे सहकारी यांच्या पर्यायी विधेयकातही ही तरतूद होती. वेबच्या उदार लाभाला हस्तांतरणाचे कलम जोडून तडजोड झाली. ३० जून २००८ रोजी स्वाक्षरी झालेल्या पुरवणी विनियोजन कायद्यात ती समाविष्ट आहे. ज्या कायद्यामुळे सैनिक निघून जातील अशी भीती होती, त्याच कायद्यात त्यांना थोपविण्याचा उपाय घालण्यात आला. पुढे तर हस्तांतरणाचा हेतू भरती व सेवेतील टिकाव यांना चालना देणे हा आहे, असे कायद्यातच नमूद करण्यात आले. शिवाय कलमाची भाषा आज्ञार्थी नसून अनुज्ञेची आहे. संबंधित दल हस्तांतरणास परवानगी ‘देऊ शकते’. शिक्षणलाभ हा सैनिकाचा हक्क असला, तरी त्याचे हस्तांतरण ही सवलत आहे, हा भेद पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

२००९ पासूनच्या लाभात शासकीय विद्यापीठांतील राज्यवासीयांसाठी असलेले संपूर्ण शिक्षणशुल्क, घरभाडे भत्ता व वर्षाला १,००० डॉलरपर्यंत पुस्तकांचा खर्च समाविष्ट आहे. पूर्ण दराने लाभ मिळण्यासाठी सामान्यतः ३६ महिन्यांची सक्रिय सेवा लागते. हस्तांतरणासाठी अर्जाच्या दिवशी सहा वर्षांची सेवा व पुढील चार वर्षांचा करार आवश्यक असतो. सेवेच्या अखेरीस पोहोचलेल्या जुन्या सैनिकांवर अन्याय होऊ नये म्हणून प्रारंभी सवलत होती. १ ऑगस्ट २००९ रोजी निवृत्तीस पात्र असलेल्यांना अधिक सेवेची अट नव्हती; त्यानंतर पात्र होणाऱ्यांना तारखेनुसार एक, दोन वा तीन वर्षे पुरत. हा संक्रमणकाळ २०१३ च्या उन्हाळ्यात संपला.

हस्तांतरणाची कार्यपद्धती दोन टप्प्यांची आहे व घोटाळा होतो तो या दोन टप्प्यांच्या सांध्यावर. प्रथम सैनिकाने संरक्षण खात्याकडे अर्ज करून कोणाला किती महिने द्यावयाचे ते नोंदवावे लागते आणि त्याचे दल ते मंजूर करते. मूल त्या वेळी खात्याच्या अवलंबितांच्या यादीत असले पाहिजे. म्हणजे ते अविवाहित व २१ वर्षांखालील, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २३ वर्षांखालील, असावे लागते. पुढे मूल महाविद्यालयात जाऊ लागले, की त्याने माजी सैनिक खात्याकडे दुसरा अर्ज करावयाचा असतो. माजी सैनिकांचे सर्व लाभ याच खात्याकडून मिळत असल्याने हस्तांतरणही सेवामुक्तीनंतर तेथेच करता येईल, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. माजी सैनिक खाते झालेल्या हस्तांतरणाची अंमलबजावणी करते, नवे हस्तांतरण मंजूर करीत नाही. पहिला अर्ज राहून गेला, तर मुलाच्या शिक्षणाची चार वर्षे एका न भरलेल्या अर्जापायी गमावली जातात.

सेवामुक्तीनंतरही एक गोष्ट सैनिकाच्या हाती राहते. ज्यांची नावे आधीच नोंदली आहेत, त्यांच्या वाट्याचे महिने तो कमीअधिक करू शकतो किंवा काढून घेऊ शकतो. नवे नाव मात्र घालू शकत नाही. यामुळे सेवेत असताना प्रत्येक मुलाच्या नावे निदान एक महिना तरी टाकून ठेवण्याची प्रथा पडली आहे. तान्ह्या बाळाच्या नावे महाविद्यालयाचा एक महिना लिहून ठेवणे हास्यास्पद वाटेल; पण पुढे उरलेले पस्तीस महिने त्या बाळाकडे वळविण्याची वाट त्या एका महिन्यानेच खुली राहते. सेवामुक्तीनंतर जन्मलेल्या वा दत्तक घेतलेल्या मुलाला हा मार्ग उपलब्ध नाही. एकाच घरातील थोरल्याला लाभ व धाकट्याला नाही, अशी स्थिती त्यातून उद्‌भवते.

सैनिकाची दहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर मुलाला लाभ वापरता येतो. त्यासाठी त्याने माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले असावे किंवा ते १८ वर्षांचे असावे. वयाच्या २६ व्या वर्षी सामान्यतः त्याचा हक्क संपतो. पती वा पत्नी यांना दहा वर्षे थांबावे लागत नाही. मात्र सैनिक सक्रिय सेवेत असेतो त्यांना घरभाडे भत्ता मिळत नाही, मुलांना तो मिळतो. मुलाचे लग्न झाल्याने हस्तांतरण रद्द होत नाही. घटस्फोटात या लाभाची वैवाहिक संपत्ती म्हणून वाटणी करता येणार नाही, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. करारातील चार वर्षे पुरी न करणाऱ्या सैनिकाच्या बाबतीत कायदा कठोर आहे. मुलाने तोवर वापरलेली रक्कम जादा दिलेली मानली जाते व तिची जबाबदारी सैनिक आणि मूल या दोघांवर संयुक्तपणे पडते. मृत्यू, सेवेमुळे आलेले अपंगत्व, कौटुंबिक आपत्ती वा सैन्यकपात या कारणांनी सेवा खंडित झाल्यास सूट मिळते. बापाने वा आईने केलेल्या कराराचे ऋण विद्यार्थ्याच्या माथी यावे, हे या योजनेतील सर्वांत खटकणारे अंग म्हणावे लागेल.

हस्तांतरण हे टिकावाचे साधन आहे, हा विचार २०१८ मध्ये त्याच्या तार्किक टोकापर्यंत नेण्यात आला. १२ जुलै २०१८ रोजी संरक्षण खात्याने घोषित केले, की १६ वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना एक वर्षानंतर हस्तांतरण करता येणार नाही. ज्याची १६ वर्षे झाली तो २० वर्षांच्या निवृत्तिवेतनासाठी तसाही थांबणारच. मग त्याला वेगळे आमिष कशाला, हा त्यामागील हिशेब होता. साधनाच्या दृष्टीने तो बिनतोड होता, परंतु हस्तांतरणाची मूळ मागणी ज्यांच्यासाठी झाली, ते दीर्घसेवी सैनिकच त्यामुळे वगळले जाणार होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी व काँग्रेसच्या अनेक सदस्यांनी विरोध केला. अंमलबजावणी आधी जानेवारी २०२० पर्यंत लांबविण्यात आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये संमत झालेल्या संरक्षणविषयक कायद्याने सेवेच्या कमाल वर्षांवर आधारलेली अशी मर्यादा घालण्यास मनाई केली. २०१८ च्या आदेशातील दुसरा भाग मात्र टिकला. चार वर्षांचा पूर्ण करार ज्यांना वैद्यकीय वा अन्य नियमांमुळे करता येत नाही, त्यांना पूर्वी मिळणारी सूट बंद झाली. युद्धात जखमी होऊन ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळालेल्या सैनिकांचा त्याला अपवाद करण्यात आला.

१६ ऑगस्ट २०१७ रोजी स्वाक्षरी झालेल्या व १९४४ चा मसुदा लिहिणाऱ्या कॉलमेरीचे नाव दिलेल्या कायद्याने, १ जानेवारी २०१३ वा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांसाठी लाभ वापरण्याची पंधरा वर्षांची मुदत रद्द केली. असा माजी सैनिक आता कोणत्याही वयात शिकू शकतो. त्याच्या मुलावरील २६ वर्षांची मर्यादा मात्र कायम आहे. याच कायद्याने सेवामुक्तीनंतर नवे नाव न घालण्याच्या नियमाला एक अपवाद केला. ज्याला लाभ दिला होता, ते मूल वा जोडीदार मृत्यू पावल्यास शिल्लक राहिलेले महिने दुसऱ्या पात्र आप्ताच्या नावे करता येतात. १ ऑगस्ट २००९ पासून झालेल्या मृत्यूंना ही तरतूद लागू आहे.